मेंढरं पांगवा!

पवनचक्कीवर नोकरी केलेल्या माणसाला लोक दोनच प्रश्न विचारतात. एक, "वर चढताना भीती वाटत नाही का हो?" आणि दुसरा, "आज पंखे बंद का ठेवलेत?" पहिल्याचं उत्तर, वाटते. ज्याला वाटत नाही असा माणूस मी माझ्या टोळीत कधी घेतला नाही. दुसऱ्याचं उत्तर, आम्ही कशाला बंद ठेवू? वारा नाही म्हणून थांबलेत. पण हे उत्तर कुणाला पटत नाही. पंखा म्हटलं की भिंतीवर बटण असणारच, असं प्रत्येकाला वाटतं.

सुरुवातीची वर्षं मी साताऱ्याच्या पश्चिमेकडच्या एका पठारावर होतो. पाचगणी बघून परत निघालेले पाहुणे वाट वाकडी करून पंखे बघायला यायचे. एकदा एका कुटुंबानं गाडी थांबवली आणि त्यातली बाई मला म्हणाली, "काका, दोन मिनिटं जरा फिरवता का? व्हिडिओ काढायचाय." मी म्हणालो, "बाई, वाऱ्याला सांगा, तो आमचा साहेब." ती खरंच रागावली. दुसरी एक म्हातारी आली होती, तिनं पदरानं घाम पुसला, वर बघितलं आणि म्हणाली, "केवढा गार वारा घालतात रे तुमचे पंखे, पुण्य लागेल तुम्हांला." तिची चूक दुरुस्त करायचं माझ्या जिवावर आलं. मी ते पुण्य मुकाट्यानं घेतलं.

पवनचक्कीचं काम सोपं आहे. वारा पात्यांना ढकलतो, पाती आस फिरवतात आणि वरच्या खोलीतलं जनित्र वीज करतं. झाडाची पानं सळसळतील इतका वारा आला की मशीन जागं होतं. वारा कुठून येतोय ते बघून त्याच्याकडं तोंड करतं. वारा फारच माजला तर पाती कड वळवून घेतात आणि मशीन आपणहून थांबतं. पावसाळ्याचे चार महिने आमचा हंगाम, बाकीचं वर्ष तेलपाणी, नटबोल्ट आणि लोकांच्या प्रश्नांना उत्तरं. मला उत्तरं द्यायची भारी हौस होती. त्या हौसेनंच घात केला, आणि आज लिहायला बसलोय तो त्याचसाठी.

पुढं माझी बदली आटपाडीकडच्या माळावर झाली, म्हणजे घरीच म्हणा ना. माझं आजोळ त्याच माळाच्या पायथ्याला. तुकामामा, माझ्या आईचा धाकटा भाऊ, त्याची मेंढरं आमच्या पंख्यांखालीच चरायची. त्याची दोन्ही पोरं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात परमुलखात गेलेली, त्यामुळं कळपामागं तो आणि सखूमामी असे दोघंच. मामाला शाळा ठाऊक नाही, पण मोजणीत त्याचा हात धरणारा कुणी नाही. आमच्या धनगरांत मेंढरं विसाविसांनी मोजतात. संध्याकाळी वाघरीच्या, म्हणजे जाळीच्या कुंपणाच्या तोंडाशी मामा उभा राहायचा आणि एकेक मेंढी आत जाताना पुटपुटायचा. शेवटी म्हणायचा, "आट विसा. भरली." तेवढं झाल्याशिवाय तो पाणीसुद्धा प्यायचा नाही.

मी आलो त्या वर्षी पाऊस रुसला होता. झालं, सगळं खापर पंख्यांवर. बिरोबाच्या देवळापुढं गाव बसलं आणि मला बोलावणं आलं. मामाच उठून उभा राहिला.

"शिवा, खरं सांग. तुजं पंखं ढग हाकलत्यात का न्हाईत?"

मी म्हणालो, "मामा, ढग पंख्याच्या टोकापेक्षा कितीतरी वर. पातं त्याला शिवतसुद्धा न्हाई. आपल्याकडं पाऊस कमी पडतो तो डोंगरामुळं. समुद्रावरनं ढग येतो, महाबळेश्वर-पाचगणीच्या अंगानं डोंगर चढतो, वर गेल्यावर गार होतो आणि पाणी तिथंच टाकतो. डोंगर उतरून आपल्याकडं येतो तवा त्यात राहतंय काय?"

"म्हंजे आमचं पाणी पाचगणीवाल्यांनी पळवलं म्हण की," मामा म्हणाला आणि देवळापुढं हशा पिकला. मला वाटलं, जिंकलो.

तेवढ्यात मागून एकानं विचारलं, "आन ईज? एवढी उंच लोखंडं हुबी केलाईसा, ईज वडून आमच्या डोसक्यावर पाडशीला."

आता मी रंगात आलो होतो. छाती फुगवून म्हणालो, "उलट हाय! वीज पंख्यावर पडली तर पात्यातनं, टॉवरातनं सरळ खाली जाते आणि जमिनीत मुरते. आमचा टॉवर वीज गिळतो. मशीनला सहसा ओरखडासुद्धा उठत न्हाई." लोकांनी माना डोलावल्या. कुणीतरी चहा सांगितला. घरी येताना मी शीळ घालत होतो.

मी बोललो त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. फक्त अर्धंच बोललो होतो. वीज जमिनीत जाते, पण त्या जमिनीवर उभं कोण आहे, हे मी सांगितलं नाही. खरं सांगायचं तर माझ्या मनातही आलं नाही. मी मशीनचा माणूस, मला मशीनची काळजी.

सप्टेंबर उलटला की परतीचा पाऊस आमच्याकडं दुपारनंतर गडगडाट घेऊन येतो. पावसाळ्यातला पाऊस भिजवतो, हा मारतो. अशाच एका दुपारी मी आणि रफिक अकरा नंबरच्या मशीनवर वर काम करत होतो. रफिक माझा जोडीदार, मिरजेचा, बोलायला तुसडा पण कामाला सोन्यासारखा. पूर्वेला आभाळ काळं झालं. आमचा नियम पक्का होता, गडगडलं की हत्यारं जागेवर टाकायची, खाली उतरायचं, जीपमध्ये बसायचं आणि काचा वर घ्यायच्या. पत्र्याच्या बंद गाडीवर वीज पडली तरी ती बाहेरच्या पत्र्यावरून जमिनीत जाते, आतली माणसं वाचतात. उतरलो, बसलो, निघालो.

वाटेत समोरून मामा-मामी कळप घेऊन वर येताना दिसले. मी काचेतूनच हात हलवला. मामानं काठी उचलून अकरा नंबरच्या टॉवरकडं केली आणि हसला. मला वाटलं चेष्टा करतोय, की बघ, कामचुकार पळाला. मीही हसलो. जीप खाली गेली आणि मेंढरं वर गेली.

मी किती वेळा तो प्रसंग आठवतो, देव जाणे. आम्ही टॉवरपासून पळत होतो आणि माझा मामा माझ्या शब्दावर विश्वासून टॉवरकडं चालला होता.

ऑफिसात पोचून टॉवेलानं डोकं पुसतोय तोवर सगळा माळ पांढरा झाला. संगणकाच्या पडद्यावर अकरा नंबरचं मशीन लाल झालं. रफिक म्हणाला, "अकरावर पडली." आणि त्या क्षणी मला मामाची काठी समजली. मी जीपची किल्ली घ्यायला धावलो, तर रफिकनं ती खिशात घातली. "शेवटचं गडगडल्यापासून अर्धा तास. तूच शिकवलंयस." मी त्याला नाही नाही त्या शिव्या घातल्या, त्याच्या अंगावर गेलो. तो दारात आडवा उभा राहिला. तो अर्धा तास माझ्या वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये.

टॉवरच्या पायाशी सिमेंटचा ओटा असतो. माळावर झाड नाही, त्यामुळं तेवढाच काय तो आडोसा. मेंढरं त्या ओट्याला खेटून, एकमेकींना चिकटून मरून पडली होती. सतरा. वादळात कळप एकवट करायचा, गच्च दाटीत उभा करायचा, ही आमची बापजाद्यांची रीत. मेंढी भेदरून पांगत नाही आणि लांडगा आत शिरत नाही. मामानं रीतीप्रमाणंच केलं होतं. तो स्वतः कडेला उभा होता म्हणून जिवंत राहिला. डाव्या कानातून रक्त येत होतं. मामी एक कोकरू चुकलं म्हणून उतारावर गेली होती, ती वाचली आणि त्याला गदागदा हलवत होती.

दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर त्यानं माझ्याकडं बघितलं. "तूच म्हणलास न्हवं, तुजा टावर ईज गिळतो," म्हणाला. मग भिंतीकडं तोंड केलं. डावा कान कायमचा गेला आणि त्या दिवसापासून मामा माझ्याशी बोलायचा बंद झाला.

आता नीट ऐका, कारण हे मी त्या दिवशी देवळापुढं सांगायला हवं होतं. वीज टॉवरातून जमिनीत शिरते तेव्हा ती एका जागी मुरत नाही, चहूकडं पसरते. पायाजवळ जोर जास्त, लांब जावं तसा कमी. तुमचा एक पाय टॉवरजवळ आणि दुसरा लांब असेल तर एका पायातून चढून दुसऱ्यातून उतरते. मेंढीचे पुढचे-मागचे पाय एकमेकांपासून लांब, मधे काळीज. आणि अंगाला अंग लावून उभी असली की एकीची दुसरीला, दुसरीची तिसरीला.

मी कंपनीकडं तक्रार केली, फलक मागवला. आला. लाल अक्षरं, कवटी, सगळं झोकात. मेंढरांनी त्याला अंग घासून घासून तो तिरका केला. ज्यांच्यासाठी लावला त्यातल्या निम्म्यांना वाचता येत नव्हतं. मग मी सुट्टीच्या दिवशी वाड्यावाड्यांवर फिरू लागलो. लोक म्हणायचे, "कळतंय रं गड्या, पर मग जायाचं कुठं?"

तेच मामीनं मला तोंडावर विचारलं. मी तिच्या अंगणात बसलो होतो. मामा पाठ करून लोकर विंचरत होता.

"आरं शिवा, ढग आल्यावर तुमी कुठं जाता?"

"जीपमधे."

"आन आमी? जीपमदी मेंढरं बसत्यात व्हय?"

घरी आलो ते मनाशी ठरवूनच, की याचं उत्तर मिळाल्याशिवाय निवृत्त व्हायचं नाही. निवृत्तीला वर्षच राहिलं होतं. आमच्या मोठ्या इंजिनिअरांना फोन करून करून भंडावून सोडलं. धनगराकडं जीप नाही, पक्कं घर नाही, लांबचा पल्ला पळून जाता येत नाही. मग त्याच्याकडं आहे काय? मोजणी आहे. तिथनं धरलं.

चमक आधी दिसते, गडगडाट मागून येतो. दोन्ही एकदमच होतात, पण आवाजाला पोचायला वेळ लागतो. तीन मोजेपर्यंत साधारण एक किलोमीटर. तीस मोजायच्या आत गडगडलं तर वीज तुमच्यापर्यंत पोचेल इतकी जवळ आहे, थांबू नका. आता तीस म्हणजे दीड विस. पण मोजायचं कोणत्या चालीनं? मामीच म्हणाली, "वाघरीतनं एकेक मेंढी निघती त्या चालीनं?" मी घड्याळ लावलं. बाईनं दीड विस मोजली आणि काटा जवळजवळ तिसावर आला. मी उडालोच.

"पर मामाला नीट ऐकू येत न्हाई," मी म्हणालो.

"त्यांनी बगायचं, मी ऐकायचं," मामी म्हणाली. एवढ्या वर्षांचा संसार, तिला ती वाटणी सोपीच होती.

पुढचं मात्र कठीण होतं. मी सांगितलं, टॉवर आणि एकटं झाड सोडायचं. माथ्यावर थांबायचं नाही. ओढ्यातही नाही, वर पाऊस झाला की ओढ्याला लोंढा येतो. उतारावरच्या खोलगटीत जायचं. जवळ बंद गाडी असेल तर आत बसायचं. नसेल तर पाय जुळवून उकिडवं बसायचं, झोपायचं नाही, आणि दोघांनी एकमेकांपासून लांब. यानं धोका जात नाही, कमी होतो, हेही सांगितलं. आणि मेंढरं पांगवायची.

मामाची फणी थांबली. तो मामीला म्हणाला, "त्याला इचार, आबाळात मेंढरं पांगवायची? येडं लागलंय का त्याला? माळावर लांडगा हाय."

"मी हितंच हाय मामा," मी म्हणालो.

"त्याला सांग, माज्या बानं, आज्यानं कवा पांगवली न्हाईत."

"मामा, लांडगा नेईल तर एक नेईल. ईज सतरा नेती."

मामीनं माझा निरोप त्याच्या उजव्या कानात जशाच्या तसा ओरडून सांगितला. फणी परत सुरू झाली. मी आठवड्याला एकदा जायचो, तेच सांगायचो, तो तेच ऐकायचा. तो चिवट आणि मी त्याचाच भाचा.

आणि पुन्हा परतीचा पाऊस आला. मी आणि रफिक सात नंबरवरून उतरलो, जीप वळवली आणि बघतो तर माळाच्या माथ्यावर मामाचा कळप. मामा चारी बाजूंनी मेंढरं गोळा करून दाटीत उभी करत होता. टॉवरपासून लांब होता एवढंच. रफिकला म्हणालो, "गाडी तिकडं घे." त्यानं एकदा आभाळाकडं बघितलं, आईची आठवण काढली आणि घेतली.

मी काच खाली करून बोंबललो, "मामा, पांगवा! मेंढरं पांगवा!" त्याचा डावा कान माझ्याकडं. मामी मात्र मोजत होती, ओठ हलत होते. चमकलं. "एक… दोन…" ती मोठ्यानं मोजू लागली. "एक विस… एक विस एक…" गडगडलं. मामी कळपात घुसली आणि हातातली काठी टाकून दोन्ही हातांनी मेंढरं बाजूला लोटू लागली. "अगं, काय करतीस!" मामा ओरडला. तिनं त्याच्या उजव्या कानाशी तोंड नेलं आणि म्हणाली, "सतरा मी पुरल्यात. आता न्हाई पुरायची. पांगवा!"

मामा क्षणभर तसाच उभा राहिला. मग त्यानं तोंडाला हात लावला आणि हाळी दिली. सकाळी वाघर सोडून मेंढरं चरायला मोकळी करताना द्यायची ती लांब हाळी, काळ्या आभाळाखाली, दुपारी चारला. मेंढरं बावचळली. पण हाळी ओळखीची होती. उताराला लागून हळूहळू सुटी झाली, सगळ्या उतारावर पसरली. मी दार उघडलं, मामीनं नवऱ्याला मागच्या बाकड्यावर अक्षरशः ढकललं, मागून घोंगडं छातीशी धरून स्वतः चढली. काचा वर.

गाडीत चौघं. मी मामाच्या डाव्या बाजूला. ओल्या घोंगड्याचा वास, काचांवर पाणी, आणि बाहेर एकापाठोपाठ एक. मला राहवेना. मी म्हणालो, "मामा, चुकलं माजं. त्या दिवशी मी अर्धंच सांगितलं."

तो समोर बघत बसला. मग म्हणाला, "त्या कानाला काय सांगतूस? हिकडनं बोल." आणि मान माझ्याकडं वळवून उजवा कान पुढं केला. वर्षानं तो माझ्याशी बोलत होता. त्याच्या तोंडाकडं बघत मला तेच वाक्य परत म्हणावं लागलं. दुसऱ्यांदा ते नीट बाहेर पडेना, मी लहान पोरासारखा रडलो. रफिक पुढं काच पुसायचं नाटक करत होता.

त्यानंतर पाच-सहा मिनिटांत सात नंबरवर पडली. गाडी हादरली. मामानं डोळे मिटून घेतले.

अर्धा तास पुरा होईस्तोवर रफिकनं कुणाला दार उघडू दिलं नाही. मग आम्ही चौघांनी उतार पिंजून काढला. मेंढरं भिजलेली, भेदरलेली, पण पायावर उभी. मामा वाट अडवून मोजायला उभा राहिला. "सात विसा धा," तो म्हणाला. सकाळी सात विसा अकरा होती. त्यानं माझ्याकडं बघितलं. लांडगा, मला वाटलं. संपलं सगळं.

मामीनं घोंगडं उलगडलं. आतून एक दोन दिवसांचं कोकरू बाहेर आलं आणि तिच्या पायाशी उभं राहून ओरडायला लागलं. "जीपमदी बसतंय की एक," मामी म्हणाली. रफिक हसत सुटला, मग मामा.

"सात विसा अकरा. भरली," मामा म्हणाला. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "शिवा, आता सगळ्या वाड्यास्नी सांग. पर आता सगळं सांग."

तेच करतोय. निवृत्तीनंतर माझा धंदा हाच. वळवाच्या आधी एकदा आणि परतीच्या आधी एकदा, वाड्यावाड्यांवर जातो. आधी माझी चूक सांगतो, मग मोजायला शिकवतो. काहीजण ऐकतात, काहीजण अजून एकवट करतात. त्यांच्याकडं मी परत जातो. मामा बरोबर असला तर माझं बोलणं झाल्यावर नुसता डावा कान दाखवतो.

परवा दुपारी मी घराच्या गच्चीवर कठड्याला टेकून लांबचे पंखे बघत उभा होतो. पूर्वेला ढग चढले होते, पाती छान फिरत होती, मला जुने दिवस आठवत होते. फोन वाजला. मामी.

"पांगवली रं. आमी खोलगटीत हाय. तू कुठं हायस?"

"गच्चीवर."

पलीकडं ती पुटपुटत मोजत होती. मग म्हणाली, "चमकल्यापासनं एक विस चारला गडगडलं. उतर आदी खाली."

मी जिना उतरलो.